आईचा ठिपका

१४ मार्च, शुक्रवार
वाचनालय, दुपार

प्रिय दादा,

तू, वहिनी आणि पोरगी मजेत आहात असं धरून चालते. रविवारी तू फोन आपटलास तेव्हा तुझा आवाज तरी ठणठणीत होता. आम्ही बरे आहोत. आईचा खोकला गेला. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. खालच्या बिऱ्हाडाने कुत्रा आणलाय आणि तो फक्त माझ्या नवऱ्यावर भुंकतो. नवरा म्हणतो, "या घरात माझी पत काय आहे ते त्यालाही कळलं."

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग मी गप्प बसते. कागदावर दोन्ही जमत नाही.

तू विचारलंस, "आईचा फोन बिघडलाय का? नकाशावर तिचा ठिपका दिसत नाहीये." मी म्हटलं, "बघते." ते "बघते" मला तेव्हापासून टोचतंय. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं, हे मला माहीत होतं. पण क्रमाने सांगते.

मंगळवारी मी वाचनालयात वयस्कर मंडळींचा वर्ग घेते. तू त्याला 'म्हातारशाळा' म्हणतोस, तोच. कुठलं बटण दाबायचं ते शिकवून मी कंटाळले होते. आज सांगितलेलं पुढच्या मंगळवारी कुणाला आठवत नाही. म्हणून ठरवलं, आत काय चालतं तेच दाखवू. सगळ्यांना रांगांत बसवलं. एका निवृत्त टपालमास्तरांनी निरोप लिहिला. मी त्याचे तुकडे केले, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घातला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या शिंपीणबाईंकडे हातोहात पाठवायला सांगितलं. कुणाच्या हातात द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. तुकडे वेगवेगळ्या वाटांनी, मागेपुढे पोचले. बाईंनी क्रमांक लावून निरोप जुळवला. इंटरनेट ते हेच, मी म्हटलं. वर आभाळात काही नसतं. कुणाच्या तरी यंत्रातून कुणाच्या तरी यंत्रात जातं, एवढंच.

आई मधल्या रांगेत होती. तिने हातात आलेला तुकडा सरळ उलगडला आणि मोठ्याने वाचला, "गुडघे फारच छळतात."

टपालमास्तर उखडले. "अहो, दुसऱ्याचं काय वाचता?"

"हातात उघडं दिलंत, वाचणारच," आई म्हणाली. "लपवायचं तर पाकीट चिकटवा की! एवढी वर्षं टपालात काय केलंत?"

मग मी पाकिटं आणली. आतलं दिसेनासं झालं, पत्ते मात्र दिसत राहिले. आईने दोन-चार पाकिटं पुढे दिली आणि म्हणाली, "म्हणजे काय लिहिलंय ते नाही कळलं, तरी कोण कुणाला सारखं लिहितंय ते कळतंच. चहाड्यांना तेवढं पुरे."

मला वर्षभर शिकवूनही एवढं नेमकं सांगता आलं नसतं, हे कबूल करते.

पुढच्या मंगळवारी मी वाचनालयाच्या वायफायवर कुठला फोन कुठल्या पत्त्याशी बोलतो ते पडद्यावर दाखवलं. प्रत्येकाची परवानगी आधी घेतली होती. फोन टेबलावर ठेवले, कुणी हात लावायचा नाही. बहुतेक फोन अधूनमधून पुटपुटत होते. एक मात्र थांबतच नव्हता. सारखा त्याच एका पत्त्याकडे.

"हा वाचाळ कुणाचा?" शिंपीणबाई म्हणाल्या.

तो आईचा होता. सगळे हसले, आईही हसली. मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर तिला विचारून मी फोन उघडला. तू गेल्या वेळी आला होतास आणि "आईचा फोन जरा साफ करतो" म्हणून घेऊन बसला होतास, तेव्हा घातलेलं ते माग काढणारं ॲप सापडलं. पडद्यावर त्याचं चित्रही नव्हतं. मी त्याच्या अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या; माझी खोड तुला माहीत आहे. दादा, तुला वाटतं आईचा ठिपका तुझ्याकडे येतो. तो आधी त्या कंपनीच्या यंत्रात जातो, तिथेच राहतो, आणि कंपनी तो आपल्या 'भागीदारांना' देऊ शकते. ते कोण, ते कुठेच लिहिलेलं नाही. आईला हल्ली सारख्या चालायच्या काठ्यांच्या जाहिराती दिसायच्या. ती म्हणायची, "फोनलासुद्धा कळलं मी म्हातारी झाले." आणि तिथे नुसता ठिपका नाही. ती कुणाला फोन करते, किती वेळ बोलते, तेही आहे. तूही ते बघत होतास.

आता जे लिहायचं मी टाळतेय ते लिहिते.

हिवाळ्यात तू तिला हसत हसत विचारलं होतंस, "काय गं, दर गुरुवारी पुलापलीकडे काय काम असतं तुझं?" तू विसरलाही असशील. ती विसरली नाही. त्यानंतर तिने गुरुवारी बाहेर जाणं बंद केलं. मला वाटलं गुडघे. त्याच सुमारास तिने शेजारच्या काकूंशी बोलणं टाकलं. दारातून वाटी आली तरी, "ठेव तिथे." मी कारण विचारलं की विषय बदलायची.

फोनमधलं मी दाखवलं तेव्हा तिने तो फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "अगं, मला वाटलं शेजारणीनेच त्याला सांगितलं. गुरुवारचं तिलाच तेवढं माहीत होतं."

दादा, तुझ्या ठिपक्याने आईची मैत्रीण तोडली. चोर राहिला बाजूला आणि संन्याशाला सुळी. ती त्याच पावली शेजारी गेली. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज मला ऐकू आला, "मी कशाला सांगू? माझ्याकडे त्याचा नंबरसुद्धा नाही! आणि असता तरी तुझ्या पोराशी बोलायला मला वेळ आहे का?" मग दोघी रडल्या असाव्यात, कारण नंतर फार हसत होत्या.

तेव्हा, फोन बिघडलेला नाही. ते आम्ही काढलं. खरं तर तिनेच काढलं. बोट कुठे ठेवायचं तेवढं मी दाखवलं. फोनला नवा परवलीचा शब्द तिने स्वतः घातला. मलाही तो माहीत नाही.

तू रविवारी म्हणालास, "लपवण्यासारखं आहे काय तिच्याकडे?" मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "कपडे बदलताना मी दार लावते. चोरून काही करते म्हणून लावते का?"

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. ती न्हाणीघरात पडली होती तेव्हा दार मीच उघडलं होतं. उद्या ती रस्त्यात कुठे पडली आणि आपल्याला उशिरा कळलं, तर? हा प्रश्न मी माझ्या रोजनिशीत उलटसुलट लिहिलाय आणि त्याचं साफ उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तसं झालं तर तू मला बोलशील, आणि मी ते ऐकून घेईन. पण तिला न विचारता तिच्या पिशवीत हेर ठेवायचा हक्क त्या भीतीने ना तुला मिळतो, ना मला. हे ताडून बघितलं, दरवेळी तिथेच आले. तिला मी म्हटलं, हवं तर तूच सकाळी उठलीस की त्याला निरोप टाकत जा. ती म्हणाली, "टाकीन. पण मनात आलं तर. मला काही झालं तर त्याला कळेलच. मी जगतेय याची रोज वर्दी कशाला?"

काल गुरुवार होता. ती तिचा तो निळा कोट घालून गेली, संध्याकाळी परतली, दोन घास जास्त जेवली. कुठे गेली होती, हे तू मला विचारशील. मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. आतून खूप वाटलं विचारावं, नाही म्हणणार नाही. पण ते तिचं आहे.

तू म्हणालास, महिनाअखेरीस येतो आणि ते पुन्हा घालतो, नाहीतर तिला घेऊनच जातो. ये. तुझी खोली झाडून ठेवते. पण या वेळी तिच्यासमोर बस आणि तिला विचार. ती हो म्हणाली तर मी स्वतः घालून देईन, एक शब्द बोलणार नाही. नाही म्हणाली, तर तिच्या फोनला हात लावण्याआधी तुला मला बाजूला सारावं लागेल. आणि लहानपणापासून तुला ठाऊक आहे, मी एकदा बसले की उठत नाही.

वहिनीला नमस्कार, पोरीला पापा. हे पत्र आईला वाचून दाखवलंय. पाकीट तीच चिकटवणार आहे.

तुझी बहीण,
पण आधी तिची मुलगी