खण वेळेत होतील

३ मार्च, सोमवार
शाळेच्या वह्या नववीत अर्ध्यावर राहिल्या. ही पूर्ण भरायची. कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे अक्षर कसंही चालेल.

सुतारकामाच्या क्लासमध्ये ग्रुप प्रोजेक्ट मिळाला. बालवाडीसाठी कपाट, त्याला खेळण्यांचे तीन खण. बावीस तारखेला कारखान्याचे साहेब येऊन बघणार. पसंत पडलं तर अख्ख्या ग्रुपला कामावर घेणार. ग्रुपमध्ये आम्ही तिघं. मामा, वय चाळीस, आधी ट्रक चालवायचे. पट्टी, जिच्या खिशातून कायम स्टीलची पट्टी डोकावते. आणि मी. मामा मला सायलेंट म्हणतात. मला बोलता येतं. गरज पडली की बोलेन.

पट्टीनं भिंतीवर तक्ता लावला. तिघांचे तीन रकाने, रोजचं काम लिहिलेलं, काम झालं की टिक. शेवटचे दोन दिवस मोकळे, काही चुकलं तर निस्तरायला. काय चुकणार आहे? खण कोण करतंय विचारलं तर माझा हात आपोआप वर गेला. जमेल ना रे, म्हणाली. मी मान हलवली. खण म्हणजे काय, झाकण नसलेलं खोकं.

४ मार्च, मंगळवार
खण घरी करणार. क्लासमध्ये सगळे बघतात आणि करवत वाकडी जाते. करवतीचाच दोष आहे.

मास्तरांनी विचारलं, कोणाला काही शंका? मला एक होती. पण मामांनी आधीच चार विचारल्या होत्या, मास्तर दमले असतील.

६ मार्च, गुरुवार, दुपार
नवीन पद्धत शोधली. टिक सकाळीच करायची. टिक केली की काम करावंच लागतं, कारण टिक आधीच झालेली असते. आज सकाळी ‘फळ्या कापणे’वर केली. मामा म्हणाले, वा रे सायलेंट, तू तर सुसाट निघालास.

फळ्या उद्या कापेन.

८ मार्च, शनिवार
भुसा झाडताना पट्टीनं सांगितलं. तिच्या बाबांनी बावीस तारखेपर्यंतच मुदत दिलीय. कारखान्यात काम लागलं तर ठीक, नाहीतर मावशीच्या गावी जाऊन तिच्या कपड्याच्या दुकानात बसायचं. दिवसभर साड्यांच्या घड्या घालेन आणि वेडी होईन, म्हणाली. हसत म्हणाली, पण झाडू एकाच जागी फिरवत होती.

आता खण म्हणजे माझी जबाबदारी. मी वहीत माझा वेगळा तक्ता केला. तीन रंगांच्या पेनांनी. त्यात एक जास्तीची ओळ: ‘तिला सांगणे. शनि. १५, ४:३०.’ काय सांगणे ते लिहिलं नाही. मला माहीत आहे.

तक्त्यात अख्खा दिवस गेला. पण आखणी म्हणजे अर्धं काम.

१० मार्च, सोमवार
धाकटी बहीण विचारते, दादा, खण लाकडाचे करतोयस की वहीचे? लहान आहे. तिला प्लॅनिंग कळत नाही.

१२ मार्च, बुधवार
पट्टी म्हणाली, तुझ्या दोन खणांवर टिक आहे, एक तरी आण, बसवून बघू. मी म्हटलं, वाळतोय. ती म्हणाली, काय वाळतंय? मी म्हटलं, सरस. दोन शब्द बोललो! त्यातला एकही खरा नव्हता, पण सुरुवात चांगली झाली.

मामांच्या आणि तिच्या रकान्यात रिकामे चौकोन आहेत. नाही झालं तर टिक करत नाहीत. माझा रकाना सगळ्यात भरलेला दिसतो. तो बघून ती खूश होती.

१५ मार्च, शनिवार, ५:००
‘तिला सांगणे’ पुढे ढकललं. ती माप घेत होती, मध्ये बोललो असतो तर चुकलं असतं. प्रोजेक्ट पास झाला की रोज कारखान्यात भेटणारच आहोत. तेव्हा निवांत.

१८ मार्च, मंगळवार
फळ्या कापल्या.

आई म्हणाली, ताप आहे का? इतकं काम करताना तुला कधी बघितलं नाही.

२० मार्च, गुरुवार
मोकळे दिवस सुरू. पट्टीनं कोणाच्या नावावर लिहिलेले नाहीत, म्हणजे माझ्याच नावावर. एक खण झाला. दुसऱ्याचा तळ उद्या.

पट्टीचा निरोप आला, जेवढे झालेत तेवढे घेऊन ये, आम्ही दोघं थांबलोय. मी कळवलं, तिन्ही एकदमच आणतो, सरप्राइज.

२१ मार्च, शुक्रवार
झाले! तिन्ही झाले. कोपरे घट्ट. माप अगदी कपाटातल्या जागेएवढं, एक सूतही कमी नाही. लोक उगाच मला घाबरट समजतात.

२२ मार्च, शनिवार
खण बसत नाहीत.

जागा जेवढी, खण तेवढाच. आत सरकायला फट लागते म्हणे. मामांनी ठोकून बघितलं, साबण लावून बघितला, मग रंधा मारायला घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, परवा आणले असतेस ना बाळा, तासाभराचं काम होतं. सायलेंट नाही म्हणाले, बाळा म्हणाले.

अकराला साहेब आले. एक खण निम्मा आत, दोन जमिनीवर. साहेबांनी कपाटावरून हात फिरवला, काम सुबक आहे म्हणाले. मग वाकून त्या भोकांत बघितलं. म्हणाले, दात पडलेलं तोंड लहान मुलांना कसं द्यायचं? खण कोणी केले?

मी बोलणारच होतो.

पट्टी म्हणाली, आमच्या ग्रुपनं.

साहेबांनी तक्ता बघितला, माझ्या रकान्यावरून बोट खाली नेलं आणि म्हणाले, हा एक तरी वेळेवर काम करणारा दिसतोय. पुन्हा प्रयत्न करा. गेले.

पट्टी रंधा पुसत बसली. तो स्वच्छच होता.

२३ मार्च, रविवार
चुका: करवत. दमट हवा. मास्तरांनी खणांवर जास्त वेळ द्यायला हवा होता.

तिन्ही खोडल्या.

पट्टीची मावशीच्या गावची बस उद्या सकाळी नऊला. मामांनी कळवलं.

२४ मार्च, सोमवार
सहालाच उठलो. वही काढली, ‘तिला सांगणे’वर टिक केली. सवयीनं.

साडेआठला स्टॅंडवर. पहिल्यांदा वेळेआधी. ती बसमध्ये खिडकीशी बसली होती, स्टीलची पट्टी खिशात तशीच. काच सरकवून म्हणाली, बोल रे, काहीतरी बोलायला आलायस ना? रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

सगळं पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, खण जागेपेक्षा किती लहान करायचा असतो?

ती बघतच राहिली. मग म्हणाली, दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं सूत. हे तीन तारखेला विचारलं असतंस तर?

मी मान हलवली. बस सुटली.

घरी येऊन टिक खोडायला घेतली. पेनाची आहे. कागद फाटला.