मे महिन्यातली शेकोटी

सोनगीर, जि. धुळे
रविवार, १७ मे २०२६

चि. कामिनीस,

आबाचे अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. ऊन कडक आहे, पण ते खानदेशात नसेल तर कुठे असेल? तू वेळेवर जेवतेस ना? की अजून त्या ऑफिसात उभ्या उभ्या वडापाव?

दुक्-दुक्-दुक्-दुक्... सकाळपासून हा आवाज कानात घुमतोय. माझ्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, त्याच्या ऑइल इंजिनचा हा आवाज. एक ठोका चुकला की पडद्यावरची नायिका अंधूक व्हायची आणि अख्खा तंबू शिट्ट्या मारायचा. मी पुढे मातीत बसून त्या ठोक्यांवर मनातल्या मनात शाळेतल्या कविता म्हणायचो. चालीत अगदी नेमक्या बसायच्या! पोरी, तो मातीत बसलेला तोताराम आता स्वतः पडद्यावर जाणार आहे. या वयात! रात्री झोप येत नाही मला आनंदाने.

तुझ्या कंपनीची मालिका आमच्या गावात आली आणि तू माझं नाव सुचवलंस, तेव्हा वाटलं होतं, नटांना अहिराणी शिकवायची, चहा प्यायचा, घरी यायचं. पण पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने विचारलं, "आबा, आधी काय करत होता?" म्हटलं, धुळ्याच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचो. "पुकारून दाखवा." मी डोळे मिटले आणि सोडली गाडी, "सोनगीर, नरडाणा, शिरपूर जाणारी..." अगदी कवितेसारखी, यतीच्या जागी थांबून. सगळे टाळ्या वाजवायला लागले. तिथल्या तिथे मला नायिकेच्या आजोबांचं काम!

आणि आजी कोण, सांग? आपली शेजारीण बेबाबाई, फाट्यावर भजी तळणारी. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत मला बजावलं, "आबा, आगोदर सांगी ठेवस. मी तुनी बायको फक्त कॅमेरापुरती शे. मंग घर ईसन चहा मांगू नको." हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

आमचा मोठा प्रसंग हिवाळ्यातल्या पहाटेचा आहे. नायिकेला मे महिन्यातच सवड, म्हणून हिवाळाही मे महिन्यात. भर दुपारी अख्ख्या अंगणावर काळं कापड ताणून पहाट करतात. खरंच पहाट होते गं! मध्ये शेकोटी, अंगावर घोंगड्या, एका बाजूने मोठमोठे दिवे. बेबाबाई म्हणते, "बठ्ठा गाव कूलरमोरे बशेल शे, नि आपुन शेकोटीमोरे!" आणि कॅमेरा सुरू झाला की तीच बाई अशी थंडीने कुडकुडते की मला खरंच हुडहुडी भरते.

इथलं सगळं अखिल बघतो. तू त्याला फोनवर ओळखतेस. जळगावचा आहे. वडील महावीरशेठ यांचं कापडाचं दुकान आहे, आणि ते म्हणतात की मुलगा दुकानातली गादी सोडून लोकांच्या कनाती वाहतो. हे त्याचं पहिलं मोठं काम. त्याच्या हाताखालची माणसं त्या त्या कामापुरती बोलावलेली. म्हणायला फ्रीलान्स, खरं म्हणजे, काम संपलं की पुढचं बोलावणं येईल की नाही याची धास्ती घेऊन जगणारी. म्हणून ती कधी कुरकुरत नाहीत. रोज संध्याकाळी अखिल मोबाइलवरच्या ग्रुपात लिहितो, "ऑल गुड", आणि खाली सगळे अंगठे दाखवतात. तुम्ही मुंबईत ते बघून निश्चिंत होता.

काल एका म्हाताऱ्या कलाकाराला जरा चक्कर आली. फार काही नाही. पाणी मारलं, कांदा हुंगवला, बसवलं सावलीत.

जेवण मात्र इथे फार चांगलं असतं. काल शेवभाजी होती.

ती चक्कर आल्यावर बेबाबाई अखिलवर चढली. "तुना हापिसले सांग. हाई पहाट सकायमां करा, नहीतर कापड काढा."

अखिल म्हणाला, "मावशी, ऑफिसला प्रॉब्लेम सांगायचा नसतो, सोल्यूशन सांगायचं असतं. आत्ता सांगितलं तर शूटिंग थांबेल. पॅकअपनंतर सांगतो ना."

"मंग मानूस मरना का सांगशी का?"

वाईट नाही गं तो मुलगा. संध्याकाळी ग्रुपात "ऑल गुड" आलं, आणि अंगठे आले. त्यातला एक माझाही होता.

आता तू विचारशील, फोन सोडून आबा पत्र का लिहितोय? फोनवर तू "हं, बोला आबा" म्हणतेस आणि मागे तिघे तुला हाका मारत असतात, हे एक कारण. दुसरं कारण लिहायला लाज वाटते. तू माझी नात आहेस, पण तूच तर ऑफिसही आहेस. तुला सांगणं म्हणजे ऑफिसला सांगणं. पत्र तुझ्यापर्यंत पोहोचेल तोवर इथलं शूटिंग संपून पॅकअप झालेलं असेल. मी सांगितल्यासारखंही होईल आणि अखिलचं काम जाणारही नाही. अशी हुशारी केली तुझ्या आबाने.

पण लिहिता लिहिता एसटीतली एक गोष्ट डोक्यात आली. ड्रायव्हरला ब्रेक नरम वाटला, तर तो गाडी स्टँडमधून हलवण्याआधी सांगायचा. प्रवासी ओरडायचे, मी माइकवरून "गाडी उशिरा सुटेल" म्हणायचो, शिव्या खायचो. घाटात शिरल्यावर कुणी सांगितलं नाही कधी. सांगून करायचं काय? आणि इथे उद्या दुपारी तीच शेकोटी आहे. कालचा प्रसंग अर्धा राहिलाय. उद्या बेबाबाईचं लांब भाषण आहे, आगीला तोंड करून. ती सकाळी रक्तदाबाची गोळी घेते, हे सेटवर मला एकट्यालाच माहीत आहे. तिनेच सांगू नको म्हटलंय. काम जाईल म्हणून.

तेव्हा खरं लिहितो. तो म्हातारा कलाकार मीच.

घोंगडीत बसलो होतो. घाम यायचा थांबला. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली. मग चौथीचा वर्ग ऐकू आला, सगळी मुलं एका सुरात कविता म्हणताहेत, मीही म्हणतोय. आणि पुढची ओळ आठवेना. कामिनी, ती कविता मी जन्मभर म्हणत आलो. तुझी आजी गेली त्या दिवशीसुद्धा ती मला पाठ होती. ओळ सापडेना तेव्हा मी घाबरलो, आणि मग मला फक्त काळं कापड दिसलं. शुद्धीवर आलो आणि पहिलं काम काय केलं, तर अखिलला शपथ घातली, कुणाला माझं नाव सांगायचं नाही. मला भीती वाटली, आजोबांचं काम काढून घेतील.

आता हे पत्र टपालात टाकून भागायचं नाही. चष्मा पुसतो आणि तुला फोन लावतो. थांब, कडी वाजतेय.

---

अगं, हे काय! दारात तू! खांद्यावर बॅग, चेहरा उन्हाने लालबुंद, आणि तुझ्या मागे अखिल, मान खाली घालून. म्हणालीस, काल संध्याकाळी त्या "ऑल गुड" नंतर त्याने तुला वेगळा फोन केला, सगळं सांगितलं, आणि तू पहाटेची गाडी धरलीस. उद्याची दुपार रद्द, आता शूटिंग खऱ्या पहाटे, उघड्या अंगणात. मी असा उडालो आनंदाने! पण पाण्याचा तांब्या खाली ठेवून तू विचारलंस, "आबा, ते पडलेले म्हातारे कलाकार कोणाच्या घरचे? अखिल नाव सांगत नाही, शपथ आहे म्हणतो. आधी त्यांना भेटायचंय मला."

तू हातपाय धुवायला गेलीस तेवढ्यात हे लिहितोय. अखिल समोर बसलाय, माझ्याकडे बघतोय. त्याने शब्द पाळला. आता मलाच बोलायला हवं.

पोरी, तू नेमक्या घरी आली आहेस. हे पत्र हातात देतोय. वाच, आणि हवं तेवढं रागव. फक्त इथे, माझ्याजवळ बसून रागव.

तुझा,
तोताराम आबा