गुडघ्याने ताणलेले गालिचे

प्रिय ठमे,

तू फोन केलास की मी ‘मजेत आहे’ म्हणतो आणि फोन तुझ्या आईकडे सरकवतो. मजेत वगैरे काही नव्हतो. आवाजावरून तू ओळखशील अशी धास्ती होती, म्हणून पळ काढत होतो. आता मात्र बोलायलाच हवं असं काही आहे, आणि ते तोंडाने निघत नाही. म्हणून कागद घेतलाय. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, ते तुला सवयीचं आहे. आईला वाटतंय मी कुणाचा तरी हिशेब करतोय.

थिएटरचं काम मला मिळालं हे तिने सांगितलंच असेल. मोठं सभागृह, बाल्कनी आणि दोन बाजूंनी वर जाणारे जिने. तिथला जुना गालिचाही मीच घातला होता. व्यवस्थापक म्हणाले की दुसऱ्या कुणाला द्यायचंच नाही, तुम्हीच करा. मी छाती फुगवून हो म्हणालो आणि त्यांच्या ऑफिसातून कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत खाली आलो. ते वरून बघत तर नाहीत ना, म्हणून मागे वळलो, तर बघत होते. मग मी बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं, आणि वाकलेला माणूस परत उभा कसा राहतो हेच मला काही क्षण आठवेना. हे काम आपल्या हातून पुरं होईल, की अर्ध्यावर दुसऱ्याच्या गळ्यात घालून घरी बसावं लागेल, याच घोरात पुढचे सगळे महिने गेले.

सुरुवात फार साधी झाली. उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे, आत कुठेतरी, उतरताना दुखायचं. चढताना नाही. नंतर बसून उठताना दुखायला लागलं. मग गाडी चालवून झाली की पाय सरळ करताना. मी कुणाला काही बोललो नाही. तुझा मामा कामावर सतत बरोबर असतो, त्याच्यापासून लपवणं सोपं नव्हतं, पण तो बोलत राहतो आणि बोलणाऱ्या माणसाचं लक्ष कमी असतं अशी माझी समजूत. मी त्याला आधी गाडीतून उतरू द्यायचो आणि मग बाजूला कुणी नाही असं बघून, शिडी उतरावी तसा पाठमोरा उतरायचो. आणि यापुढचा शहाणपणा ऐक. उजवा दुखतोय ना, मग त्याला सुट्टी द्यावी, म्हणून गालिचा ताणायचा किकर मी डाव्या गुडघ्याने मारायला लागलो. एवढी वर्षं फुकट बसून खाल्लंस, आता तू कमाव, असं त्याला म्हणालो. पावसाळा संपायच्या आत दोन्ही गुडघे सारखेच दुखायला लागले. निदान आता लंगडत तरी नव्हतो, कारण लंगडायला एक पाय धड लागतो.

शेवटी आईने हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. खरं सांगतो, मला ऑपरेशन हवं होतं. दोन दिवस दवाखान्यात पडायचं, लोकांनी भेटायला यायचं, आणि नवा गुडघा घेऊन पुन्हा कामाला लागायचं, असं चित्र मी मनात रंगवलं होतं. ऑपरेशन झालेल्या माणसाला कुणी हसत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले की थोडी झीज आहे, पण या वयात ती न दुखणाऱ्यांच्या गुडघ्यातही दिसते. आत काही फाटलेलं नाही, अडकत नाही, सूज फारशी नाही. कापण्यासारखं इथे काही नाही. मांड्या आणि कंबरेचे स्नायू कमजोर झालेत आणि गुडघ्यावर भार भलताच पडतोय, तेव्हा व्यायाम करा. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. आयुष्यभर गालिच्यांचे रोल खांद्यावर वाहिलेत मी, आणि हा माणूस मला कमजोर म्हणतो.

फिजिओथेरपिस्ट बाई तुझ्याच वयाच्या आहेत. बाजारामागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांची मोठी खोली आहे, भिंतभर आरसा, कोपऱ्यात सायकल, खाली रबरी चटया. चटया नीट कापलेल्या नव्हत्या हे मी शिरल्या शिरल्या बघून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की काम काय करता, दिवसभरात गुडघ्यावर किती वेळ असता. ठमे, मी म्हणालो, ‘गालिच्यांचं दुकान आहे.’ दुकान! आपल्या घराच्या बोळात रचलेले रोल म्हणजे दुकान असेल तर आहे. खरं सांगितलं तर बाई किकर बंद करायला लावतील आणि थिएटर हातचं जाईल, हे एक कारण. दुसरं म्हणजे तिथे सगळे कपड्यांनी नीटनेटके लोक होते आणि माझ्या पँटच्या गुडघ्यांवर डिंक वाळलेला होता.

मग रोज व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं. कुशीवर पडून वरचा पाय उचलायचा. भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायचं. छोट्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूच जमिनीला टेकवायची आणि परत घ्यायची. हे शेवटचं मला जमेना. माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका असतात, पोहायला जातात, त्या ते करता करता बाईंशी गप्पा मारायच्या. मी आरशात बघायचो, तर माझा गुडघा आत वळून थरथरतोय आणि चेहरा असा की कुणी चोरी करताना पकडलंय. मुख्याध्यापिकांनी एकदा मला शाबास म्हटलं. त्या दिवशी मी लवकर निघालो.

व्यायाम मात्र मी चुकवला नाही, ही एवढी एक गोष्ट माझ्या बाजूची लिहून ठेव. बाईंनी समजावलं होतं की गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे, वापरली की झिजली. त्याला बेताने काम दिलं तर तो घट्ट होतो, पूर्ण विश्रांती दिली तर आणखी हळवा होतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नको. माझं रोज सकाळी वाढलेलं असायचं. बाई व्यायाम कमी करायच्या, बदलायच्या, पट्टी लावून बघायच्या, माझी चाल पुन्हा पुन्हा बघायच्या. पुस्तक काढून वाचायच्या. आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत कामावर जाऊन दोन्ही गुडघ्यांनी गालिचे ठोकत होतो.

पुढचं सांगताना अजून कान गरम होतात. त्यांच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एका वकिलाने नवं ऑफिस घेतलं आणि गालिच्याचं काम मला दिलं. मी विचार केला की बाईंचा दवाखाना संध्याकाळी असतो, आपण सकाळी उरकू. पण त्या दिवशी त्या सकाळी होत्या. आणि वकिलाची खोली बरोब्बर त्यांच्या डोक्यावर आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आपल्या कामाचा आवाज आपल्याला कुठे ऐकू येतो? खाली मात्र छतावर धडाधड धक्के बसत होते. पेशंट वैतागले, तेव्हा बाई ‘जरा थांबता का’ म्हणून सांगायला वर आल्या. मी दाराकडे पाठ करून ओणवा, डावा गुडघा मागे घेतलेला. तो तसाच पुढे गेला आणि किकरवर आदळला. मग मी वर बघितलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर निभावलं असतं. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “इतके दिवस मी माझ्याच उपचारात चूक शोधत होते.”

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण जमिनीवर मीच गालिचा घातलेला. मी उठायला गेलो तर पटकन उठताही येईना, ते त्यांनी बघितलं आणि हात पुढे केला. मग त्या खाली बसल्या आणि किकर हातात घेऊन विचारत गेल्या. त्यांना सांगावं लागलं की गालिचा भिंतीकडच्या खिळ्यांच्या पट्टीवर ताणून बसवायचा, त्यासाठी पुढे दात असलेलं हे अवजार त्यात रुतवायचं आणि मागच्या गादीवर गुडघ्याने जोरात धक्का द्यायचा. वाटीच्या वरच्या बाजूने. दिवसभर. त्यांनी गादीवरून हात फिरवला, माझ्या गुडघ्यांची जागा तिथे खोलगट झालीय. याशिवाय ताणायची दुसरी सोय नाही का, असं त्यांनी विचारलं आणि मी, तेवढ्यावरही, नाही म्हणालो. तुझा मामा खोकला आणि म्हणाला, “आहे की. लांब दांड्याचं यंत्र मिळतं, हाताने ताणतात. भावजींना लाज वाटते.” बोलणाऱ्या माणसाचं लक्ष कमी असतं हा माझा समज चुकीचा निघाला. त्याला पहिल्या दिवसापासून सगळं दिसत होतं.

मग बाईंनी आणखी एक विचारलं आणि त्याचंही मी खोटंच उत्तर दिलं. ते कशाबद्दल होतं हे शेवटी सांगतो. मामा त्या वेळी खोकला नाही. खाली बघत कटरची पाती मोजत बसला.

त्यानंतर दांड्याचं यंत्र आणलं. पहिले काही दिवस मी ते जुन्या चादरीत गुंडाळून न्यायचो आणि काम करताना दार लावून घ्यायचो. वरच्या आळीतला तो लालमिशीवाला कारागीर आहे ना, त्याने बघितलं तर तो बाजारभर करेल अशी भीती. तो एक दिवस आलाच. यंत्राकडे बघून म्हणाला की कुठून घेतलंस, माझ्याही गुडघ्यांची वाट लागलीय. आता बोल. गुडघ्यांना जाड पॅड बांधतो. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत गालिचा बसवायला बोथट छिन्नी आणि हातोडी. मामा आणि मी मध्ये मध्ये कामं बदलतो, म्हणजे मी उभा राहून कापतो आणि तो खाली बसतो, आणि त्यावरून तो मला जे ऐकवतो ते इथे लिहीत नाही. व्यवस्थापकांना जाऊन सांगितलं की काम होईल पण माझ्या बेताने होईल, दिवस जास्त लागतील. ते म्हणाले, त्या दिवशी तुम्ही नाडी नसलेल्या बुटाची नाडी बांधलीत तेव्हाच मी जास्तीचे दिवस धरले होते.

व्यायाम तेच आहेत, बाईंनी नवीन जादू काही केली नाही. पण आता सकाळचं दुखणं वाढत नाही. टाच टेकवायचं जमतं, गुडघा आत वळत नाही, मुख्याध्यापिकांइतकी गप्पांची सोय अजून नाही. पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही. बाई म्हणतात अजून काही महिने लागतील आणि व्यायाम सोडायचे नाहीत. थिएटरचं सभागृह पुरं झालं, बाल्कनी झाली, जिने चालू आहेत. काम हातचं गेलं नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात तू तुझ्या कामाचा व्हिडिओ आईला पाठवलास, त्या हॉटेलातल्या लांबलचक बोळाचा. आई गालिच्याचा रंग बघत होती. मी तुला बघत होतो. ठमे, तू डाव्या गुडघ्याने किकर मारत होतीस. तुला उजव्याने मारायला मी शिकवलंय आणि तू कधी डावा लावला नाहीस. मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो आणि तेवढाच तुकडा परत परत लावला. मग आईला खोदून विचारलं, तेव्हा ती रडकुंडीला येऊन म्हणाली की तुला दीड वर्ष त्रास होतोय, तू ऑपरेशनसाठी नंबर लावलायस, आणि बाबांना सांगू नकोस म्हणून तिला शपथ घातलीस. का घातलीस ते मला कुणी सांगायला नको. दांड्याने ताणणाऱ्यांना, दुखतंय म्हणणाऱ्यांना, मी कशाकशाला हसतो हे ऐकतच तू मोठी झालीस. बाईंनी त्या दिवशी विचारलं होतं, ‘हे काम तुमच्याकडून आणखी कोण शिकलंय?’ आणि मी म्हणालो होतो, ‘कोणी नाही.’ काल मी त्यांच्याकडे परत गेलो आणि सांगितलं की माझी मुलगी शिकलीय, माझ्याहून सफाईदार आहे, आणि तिचे गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय काही बोलणार नाही, कदाचित तिला खरंच ऑपरेशन लागेल, पण आधी घेऊन या. पुढच्या सोमवारची वेळ घेतलीय. तुझ्या डॉक्टरांचे कागद घेऊन ये. त्या काम काय करता असं विचारतील, तर पहिल्याच दिवशी सगळं सांग, किकरसुद्धा. आणि कुणाकडून शिकलीस असं विचारलं तर मान वर करून सांग, बाबांकडून. खाली मान घालायला मी शेजारी बसलेला असेनच.

तुझाच, आणि इथून पुढे तुला खरं तेच सांगणारा,
बाबा