अप्पांच्या डिकीचा एक नट

१२ जाने., रवि.
सासऱ्यांची, अप्पांची, जुनी लांबडी गाडी आली. डिकीचं दार वर थांबत नाही. दार उचलून धरणारा शॉकर बॉडीला जिथे लागतो, तिथला पत्रा डावीकडे फाटलाय. वेल्ड मारून दिलं, तासाभराचं काम. तरी अप्पा, "हिरामणला दाखवू का एकदा?" हिरामण माझा साडू. बमरोलीत त्याचं मोठं गॅरेज, माझं एक शटर. म्हटलं, "मी आहे ना!" डोकंच फिरलं.

१६, गुरु.
माझं वेल्ड शाबूत, शेजारचा पत्रा फाटला. विकायच्या साड्यांचे गठ्ठे काढताना दार अप्पांच्या खांद्यावर. मला न विचारता गाडी हिरामणकडे. बायको सांगते, "दाजींनी आतून जाड प्लेट टाकली. दोन्हीकडे." न फाटलेल्या बाजूलाही! मला का नाही सुचलं? आणि ही 'दाजी दाजी' करत किती खुलते.

१९, रवि.
सासुरवाडीला जेवण. अप्पा येईल त्याला दार उघडून दाखवतात. "हालस का देख!" खरंच, जरा हलत नाही. वर हिरामण मला म्हणतो, "तुमचं वेल्ड चांगलंच होतं, पत्राच पातळ." दया करतोय मेला. कळण्याची भाकरी, ठेचा... अर्धंच टाकून उठलो.

२१, मंगळ.
दुपारी अप्पा झोपलेले. टॉर्च घेऊन गेलो, डिकीचं अस्तर काढलं. काय काम केलंय! प्लेटचे कोपरेसुद्धा घासून गोल. चूक शोधत बसलो. सापडली. उजवीकडचा एक नट बोटाने फिरला, कसायचाच राहिलाय. असा आनंद दिवाळीलाही होत नाही. पाना खिशात होता. तरी नट कसला नाही. अस्तर लावून घरी.

२३, गुरु.
रविवारी त्याच गाडीने सगळे धुळ्याला, लग्नाला. बॅगा काढायला मागे कोण वाकणार? बायकोच. सांगावं तर कळेल, चोरून बघत होतो. गपचूप कसावा तर नाव हिरामणचंच. आज दोनदा चिडून बोललो तिला. तिची काय चूक.

२५, शनि.
राहवेना. पाना घेऊन गेलो. हिरामण आधीच तिथे, डिकीत डोकं घालून. "निघायच्या आधी सगळं तपासतो मी," म्हणाला. मग, "अस्तराची क्लिप कुणीतरी उलटी लावलीये." त्याने माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, बाजूला सरकला. "उजवीकडचा तुम्हीच कसा."
नट घट्ट कसला. तो कुणाला काही बोलला नाही, अजून तरी.
उद्या पहाटे निघायचं. अप्पांनी जागा ठरवल्यात. मी आणि हिरामण शेजारी, थेट धुळ्यापर्यंत.