साहेबांच्या ड्यूकचे केस

४ मे १९५७, शनिवार
प्रधानसाहेब बाईसाहेबांना घेऊन महाबळेश्वरला गेले. परत आले की कारखान्याच्या ऑफिसात नवा हेडक्लार्क नेमणार. उमेदवार दोन, मी आणि मारुतराव. मारुतराव नुसता मॅट्रिक. मी इंटरला बसलेला, तेही दोनदा. निकाल उघड आहे.

शिवाय साहेबांनी आपला विलायती कुत्रा ड्यूक माझ्या हवाली केला आहे. म्हणजे केला होता दादू माळ्याच्या हवाली. मी दादूला चार शब्द सुनावून घरी आणला. माळ्याच्या ताब्यात असला कुत्रा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. साहेबांना मूलबाळ नाही, त्यालाच ‘बेटा’ म्हणतात. बाईसाहेब रोज स्वतः त्याचे लांब केस विंचरतात. आता ते काम मी करणार. साहेबांनी परत आल्यावर विचारलं पाहिजे, वा! कोणी केलं हे?

५ मे, रविवार
पुण्यात जाऊन रद्दीवाल्याकडून कुत्र्यांच्या निगेवरचं इंग्रजी पुस्तक आणलं. आंघोळीच्या पुढची पानं नाहीत. सुज्ञास सांगणे न लगे.

घरमालक दत्तोबा ओट्यावरून बघत होता. म्हणाला, क्लार्कसायेब, त्येला नदीवर न्या की, आमच्या म्हशीसंगं निघंल धुऊन. कासारवाडीत बिऱ्हाड केल्याची ही शिक्षा. या लोकांना कुत्रा म्हणजे उरलेली भाकरी टाकायची जागा, एवढंच ठाऊक.

७ मे
आंघोळ घातली. विलायती साबण दादूने दिला नाही, म्हणून शिकेकाई. ती डोळ्यांत गेली. माझ्याही. ड्यूक ओल्या अंगाने निसटला तो थेट पवनेकाठच्या वाळल्या गवतात लोळला. आला तेव्हा अंगभर कुसळं, गोखरू आणि शेण.

सौ.ची मांजर चुलीपाशी बसून पंजा चाटत तोंड पुसत होती. सौ. म्हणाली, बघा, हिला पुस्तक लागत नाही. बायकांशी वाद घालायचा नाही हा माझा नियम आहे. आज फक्त तासभर मोडला.

८ मे
सौ.च्या फणीचे दात तुटले. म्हणते नवी आणा. दृष्टी संकुचित. केसांच्या जटा झाल्या आहेत, पण मुख्य गाठ एकच, उजव्या कानामागे. उद्या तेवढी कापली की काम फत्ते.

९ मे
गाठ कापली. जरा जास्त गेलं. जोडीला शोभावं म्हणून डावीकडेही कापलं, ते त्याहून जास्त गेलं. मग परत उजवीकडे. दुपारपर्यंत मानेवरून पाठीवर आलो. संध्याकाळी शिवणाची कात्री ठेवली आणि माझं दाढीचं सामान काढलं. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकणारा मी नव्हे.

ड्यूक आता संपूर्ण गुळगुळीत. टाळूवर तेवढा एक झुपका आहे, कारण तिथे हात नेला की चावतो. दोनदा खात्री करून घेतली. उन्हाळ्यात हेच शास्त्रशुद्ध. साहेब सुधारक आहेत, त्यांना पटेल.

१० मे
उघड्या कातडीला ऊन लागू नये म्हणून सौ.ने माझा पांढरा पंचा ड्यूकला गुंडाळला. मी त्याला कारखान्याच्या गेटपर्यंत मुद्दाम फिरवून आणलं. काय छाप पडली! शिफ्ट सुटलेली माणसं बाजूला झाली, काहींनी टोप्या काढल्या, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दादू तर ड्यूकसमोर मटकन बसून रडू लागला. म्हणाला, लेकानं करावं ते यानं केलं वो. मी म्हटलं, यानं नाही, मी केलं. तर आणखीच रडला. अडाणी असला तरी कला कळते.

११ मे, शनिवार
भयंकर. प्रधानसाहेब गेले!

सकाळी दत्तोबा उघड्या डोक्याने दारात. म्हणाला, लई वंगाळ झालं, देवमाणूस व्हता. तुला कोणी सांगितलं, विचारलं, तर म्हणतो, आवो, तुमच्याच घरनं कळलं की समद्या गावाला. म्हणजे सौ.ने कुठून तरी ऐकून गावभर केलं आणि नवऱ्याला पत्ता नाही! ती म्हणते, मी ऐकलंच नाही. खोटं बोलते.

मला खरोखर रडू आलं. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली घालवली. आणि हेडक्लार्कचं आता काय?

ऑफिसात सगळे सुन्न. मारुतराव मात्र काम करत बसलेला. म्हणतो, बातमी पक्की नाही, महाबळेश्वरला तार केली आहे. माणूस नव्हे, दगड आहे.

१३ मे, सोमवार
पहिली शिफ्ट सुटल्यावर गेटपाशी शोकसभा घेतली. मीच. ड्यूकला पंच्यासकट शेजारी बसवलं आणि बोललो. गहिवरात माणूस वाहवतो. सांगितलं की निघताना साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, उद्धवराव, माझा ड्यूक आणि हेडक्लार्कची खुर्ची, दोन्ही तुम्हीच सांभाळा, ही माझी अंतिम इच्छा.

गर्दीत कोणी तरी हुंदका दिला. मग सगळेच गप्प झाले. मला वाटलं, भाषणाचा परिणाम. मागे वळलो तर साहेब मोटारीतून उतरून उभे. मारुतरावाची तार मिळताच निघाले म्हणे. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. दादूला घेरी आली. ड्यूक पंचा टाकून धावला. बाईसाहेब त्याला ओळखेनात आणि किंचाळल्या.

१४ मे
दत्तोबाला झापलं. तो निर्लज्जपणे म्हणाला, डोकं भादरलेलं, वर शेंडी, अंगावर पांढरा पंचा. बाप मेल्याबिगार असं कोन करतंय? सायबाला दुसरं लेकरू हाय का? मी म्हटलं, कुत्र्यावरून माणसाचं मरण ठरवता, मूर्ख आहात सगळे. म्हणाला, व्हय, पर भाषान तुमी केलं.

१५ मे, बुधवार
साहेबांनी बोलावलं. आधी मारुतरावाला विचारलं, हे कोण? तीन वर्षं रोज नमस्कार करतो मी! मारुतरावाने नाव सांगितलं.

वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, उद्धवराव, अंतिम इच्छा माणूस मेल्यावर पुरी करतात. तोपर्यंत मारुतराव हेडक्लार्क.

घरी आलो. फार वाईट वाटलं, जेवण गेलं नाही. सौ.ने पान उचलता उचलता विचारलं, साहेबांचं वय काय असेल हो?

बेचाळीस, म्हटलं. रोज टेनिस खेळतात.