पंधरावं नाव

शनिवार, १० मार्च १९९०
टेनेसी

प्रिय हार्लन,

तू, डॉरिस आणि वेन्डेल बरे असाल. मीही बरी आहे. लिओटा गेली तेव्हा चर्चमधल्या बायकांनी शिजवून आणलेली कॅसरोलं अजून फ्रीझरमध्ये पडून आहेत, एकटीला संपत नाहीत. तिचे कोट आणि चष्मे आवरले. तिच्या शिकवण्याच्या वस्तूंना हात लावला नाही असं लिहिणार होते, पण लावला आहे.

तुझं पत्र मिळालं. मंगळवारी तू शाळा मंडळापुढे पंधरा-पंधरा पोरांचे लहान वर्ग बंद करून 'संपूर्ण शाळा सुधार योजना' मांडणार, तिला आपल्या बहिणीचं नाव देणार, आणि मी पहिल्या रांगेत बसायचं. मी बसणार नाही. तिचं नावही देऊ नकोस.

दफनानंतर हातात प्लेट घेऊन तू म्हणालास, "आमच्या लिओटाने गोठ्यात चाळीस पोरं बसवून शिकवली असती! आकड्याने काय होतंय?" सगळे हसले. मीही मान हलवली. त्या मानेची मला अजून लाज वाटते. लिओटा स्वतः काय म्हणायची ते मला ठाऊक होतं. "पंचवीस असली की मी गर्दी सांभाळते, व्हर्ना. पंधरा असली की शिकवते."

१९८५ चा ऑगस्ट आठव. लहान वर्गात पोरं खरंच जास्त शिकतात का, हे विद्यापीठाचे लोक तपासत होते. बालवर्गातलं कोणतं पोर पंधराच्या वर्गात आणि कोणतं पंचवीसच्या, हे त्यांनी सोडतीने ठरवलं होतं. त्यात कुणी हात घातला तर सगळी तपासणीच खोटी. तुझा वेन्डेल मोठ्या वर्गात आला, आणि तू ऑफिसात फोन केलास. "व्हर्ना, एक नाव इकडचं तिकडे. कोण बघतंय?"

शाळेची कारकून मीच. मी यादी पुन्हा टाइप केली. पंधरावं नाव होतं कॉर्लिस प्रुइट. तिथे वेन्डेल आला आणि कॉर्लिस पंचवीसच्या वर्गात गेली. तिच्या आईकडे फोन नव्हता.

मूळ यादी जाळली असं मी तुला सांगितलं होतं. नुसती केराच्या टोपलीत टाकली होती. काल ती लिओटाच्या कपाटात सापडली.

तिने मला तेव्हाच विचारलं होतं, "त्या पोरीला तू काय उत्तर देणार?" पुन्हा तिने विषय काढला नाही. पण आजारी पडेपर्यंत रोज शाळा सुटल्यावर ती कॉर्लिसला अर्धा तास घेऊन बसायची. तिथे आकडा एक होता, हार्लन.

वेन्डेल चौथीत असून सहावीची पुस्तकं वाचतो, हे तू गावभर सांगतोस. मला त्याचं कौतुकच आहे, त्या लेकराचा काय दोष? पण आकड्याने काही होत नसेल, तर तू फोन कशाला केला होतास?

विद्यापीठाला मी आज सकाळी पत्र टाकलं. मंगळवारी मागच्या रांगेतून उठेन. बोलायला तीन मिनिटं मिळतात, तेवढी पुरतील. आधी माझं नाव सांगेन, मग तुझं. नोकरी जायची असेल तर जाईल. त्याची भीती वाटत नाही. उद्या कॉर्लिसच्या आईच्या दारात उभी राहणार आहे, त्याची वाटते.

तुला माझ्याआधी बोलायचं असेल तर मंगळवारपर्यंत वेळ आहे.

वेन्डेलला माझा पापा.

तुझं एकदाच ऐकलेली
तुझी बहीण,
व्हर्ना