तो शुद्धीवर यायलाच हवा होता

प्रिय आक्का,

आज तुझ्या लेकीनं, पल्लवीनं, पोलीस ठाण्यात जबाब दिला. तीन तास बोलत होती. मी बाहेर बाकावर बसले होते. मधेच आतून तुझं नाव ऐकू यायचं आणि माझ्या अंगावर काटा यायचा. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही मी. कुठल्या तोंडानं लिहिणार होते? आज लिहिते, कारण आज तुला सांगण्यासारखं काहीतरी आहे.

तुझ्या नवऱ्याला मी तोंडावर अजून 'दाजी' आणि 'तुम्ही' म्हणते. मनात 'तो' म्हणते. रागावू नकोस.

दुसरं बाळ पोटातच गेलं आणि तू अबोल झालीस. उमरग्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तुला झोप लागायला लागली, फोनवर एकदा हसलीससुद्धा. मग त्यानं गोळ्या बंद केल्या. "गोळ्यानं बाई जास्तच येडी व्हती," म्हणाला. तू पुन्हा रडायला लागलीस, रस्त्यावर धावायला लागलीस, तेव्हा हायवेवरच्या त्याच्या टायरच्या दुकानामागं खोली होती, तिथं तुला कोंडलं. आम्हाला सांगितलं, आराम करतीय. तुला ताप आला, छाती भरली, आणि त्याच खोलीत तू गेलीस. कोंडल्याचं आम्हाला तू गेल्यावरच कळलं. पुण्यानुमोदनाला तो पांढरे कपडे घालून हुंदके देत होता!

आपले अण्णा म्हणाले, "गप बसा. लेकरू त्याच्या घरात हाय, तिचं काय व्हईल?" आम्ही गप बसलो. पण तूही का गप बसलीस गं? मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. फोनवर "सुनी, मला हितं करमत न्हाय," एवढंच म्हणायचीस. 'मला कोंडतेत' असं एकदा म्हणाली असतीस तर! की म्हणाली होतीस, आणि परीक्षेच्या नादात मलाच ऐकू आलं नाही?

तुझ्यामुळंच मी मानसोपचाराचा वॉर्ड मागून घेतला. धाराशिवला एका दवाखान्यात आहे. आणि यंदा उन्हाळ्यात, दुपारच्या ड्युटीला, त्यालाच स्ट्रेचरवरून माझ्यापुढं आणलं.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटली की काहींना भ्रम होतो, तसा त्याला झाला होता. अंगावर मुंग्या चढल्यात म्हणून कातडं ओरबाडत होता, सलाईन उपटत होता. सोबत एकटी पल्लवी. मी इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, "हे माझ्या नात्यातले आहेत."

"आज दुसरं कोण हाय ड्युटीला? जमंल ना तुला?"

"जमंल," म्हणाले. नातं कुठलं आणि वैर कुठलं, ते सांगितलं नाही. पहिली चूक तिथंच झाली. खरं सांगू का? तो मला माझ्याच हातात हवा होता.

डॉक्टरांनी त्याची मनगटं मऊ पट्ट्यांनी बांधायचा लेखी आदेश दिला. आमच्याकडं कुणालाही मनाला येईल तसं बांधता येत नाही, आक्का. डॉक्टरची सही लागते, कधी बांधलं ती वेळ लिहावी लागते, घरच्यांना कळवावं लागतं, आणि बांधलेल्याचे हात नर्सला सारखे बघावे लागतात. तुला कोंडताना कुणाची सही लागली होती?

दुसऱ्यांदा हात बघायला गेले, तर पिळून पिळून त्यानं डावा पट्टा आवळून घेतला होता. बोटं सुजली होती, निळी पडायला लागली होती. मी पट्ट्याकडं हात नेला आणि मागं घेतला. घड्याळाकडं बघत नुसती उभी राहिले. चार मिनिटं! किती गार वाटलं मनाला, ते तुलाच सांगते.

"सिस्टर, लई दुखतंय ओ," तो म्हणाला. "सोडा की माय."

सिस्टर! त्यानं मला ओळखलंच नव्हतं. मी तुझी बहीण आहे, हे दुखणं कशाचं आहे, काहीच कळत नव्हतं त्याला. मुंग्या चावतात तसाच माझा पट्टा चावत होता. ज्याला कशासाठी हेच कळत नाही, त्याच्यावर सूड उगवून मला काय मिळणार होतं?

त्या क्षणी ठरवलं, याला शुद्धीवर आणायचं. पुरता. माझं नाव, तुझं नाव, साल, वार, सगळं त्याला सांगता आलं पाहिजे.

पट्टा सैल केला, बोटं चोळली, डॉक्टरांना बोलावलं. मग नोंदीत लिहिलं की पट्टा आवळलेला दिसूनही मी चार मिनिटं सोडला नाही, आणि पेशंट माझ्या मयत बहिणीचा नवरा आहे.

इन्चार्ज सिस्टरांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, हे मला आधी सांगायचं नव्हतं का? आता मेमो निघंल तुला."

"निघू द्या, सिस्टर. पण खोडू नका. उद्या कुणी म्हणायला नको की मेव्हणीनं काहीतरी लपवलं."

मेमो निघाला. मला बायकांच्या वॉर्डात पाठवलं. बरोबरच केलं त्यांनी.

भ्रमात तो खूप बडबडला होता. काय बडबडला, ते तुलाही सांगणार नाही, आक्का. पेशंट आजारात जे बोलतो ते आमच्याजवळच राहायला हवं. तसा कायदा आहे आणि मी तो पाळणार आहे. तुझ्यासाठी मोडावा असं वाटलं नाही, असं मात्र समजू नकोस. जीभ दातांखाली धरून दिवस काढलेत मी.

सहाव्या दिवशी तो व्हरांड्यात चहा पीत बसला होता. मला बघून त्यानं कप खाली ठेवला. "सुनीता? तू हितं?"

"व्हय दाजी. हितंच असते मी."

मग हळूच म्हणाला, "मी काय बोललो असंल, तर पल्लवीला सांगू नको."

"न्हाय सांगणार. तुमचं बोलणं माझ्याजवळच राहील."

केवढा सुटकेचा श्वास टाकला त्यानं! त्याला वाटलं, प्रश्न मिटला.

पण त्याच दिवशी पल्लवीनं मला कडुलिंबाखाली गाठलं. अठराची झालीय तुझी लेक. "मावशी, आबा बडबडीत काय म्हणत होते?"

"ते मला सांगता येत न्हाय, बाळा."

"मग मी सांगते," ती म्हणाली.

आणि सांगितलं. सात वर्षांची होती ती तेव्हा. तू आतून दार वाजवत होतीस, पाणी मागत होतीस. एक दिवस नाही, दोन दिवस. ती कुलपाजवळ गेली तर तो ओरडला, "टीव्हीचा आवाज वाढव!"

"मी वाढवला, मावशी. मी आवाज वाढवला."

तिला छातीशी धरलं मी. दुसरं काय करणार होते? अकरा वर्षं हे ओझं घेऊन ती त्या माणसाला भाकरी करून घालत होती! तिनं विचारलं, आता काय करायचं? मी म्हणाले, ते तुझं तू ठरव, पण ठरवलंस तर एका वकीलबाईंकडं मी घेऊन जाते, मावशी म्हणून. नर्स म्हणून नाही.

त्याला सुट्टी झाली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, पूर्ण भानावर आहे. त्या ओळीनं मला जेवढा आनंद झाला, तेवढा कुठल्याच पेशंटच्या सुट्टीनं झाला नव्हता.

पल्लवीनं त्याला तोंडावर सांगितलं, मी जबाब देणार. त्यावर त्यानं काय केलं असेल? मला फोन! "पोरीला तिच्या आईवानीच येड लागलंय. तुझ्या वॉर्डात भरती करून टाक तिला."

क्षणभर तूच आठवलीस. पण आवाज चढवला नाही मी. "दाजी, बाप म्हणतो म्हणून कुणाला आत टाकता येत न्हाय. डॉक्टर तपासतेत, तिला स्वतःला इचारतेत. ती सज्ञान हाय. आणि तुमचा हा फोन वार्डातला न्हाय, आता तुम्ही पेशंट न्हाय. हे मी पोलिसांना सांगणार."

त्यानं फोन ठेवून दिला. आता कळलं त्याला मी कोण ते!

आज ते सगळं कागदावर आलं. ठाण्यातल्या मॅडमनी गुन्हा नोंदवून घेतला, पल्लवीला दोनदा पाणी दिलं. ती आता माझ्याकडंच राहते. येताना एसटीत माझ्या खांद्यावर झोपली, घोरत होती चक्क.

आक्का, तुला शब्द देते. प्रत्येक तारखेला मी कोर्टात असेन. वॉर्डात तो जे बोलला ते मी आपण होऊन कुणाला सांगणार नाही, आणि बाकी काही म्हणजे काही गिळणार नाही. माफी माझ्याकडून त्याला मिळायची नाही. भीतीनं तो पुन्हा पिऊन आडवा झाला, तर खुशाल आणू देत आमच्याकडं. आमचे लोक त्याला पुन्हा बरा करतील, वेळेवर गोळ्या देतील, पोटभर जेवू घालतील. निकाल ऐकायला तो जिवंत आणि शुद्धीत पाहिजे मला.

तुझी,
सुनी